शाल, श्रीफळ आणि शेल्बी फूट

लेखकाचा सन्मान कसा करावा हे आपल्याला पाठ झाले आहे. तो हयात असेपर्यंत शाल आणि श्रीफळ. गेल्यावर शोकसभा, दोन मिनिटे उभे राहणे, एखाद्या चौकाला नाव आणि एखाद्या मासिकाचा काळ्या चौकटीतला अंक. शोकसभेत वक्ते सांगतात की कैलासवासी मोठे प्रेमळ होते, आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडीत नसत आणि त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणे कठीण आहे. पोकळीविषयी सर्वांचे एकमत होते. पुस्तकांविषयी मतभेद व्हायचा संभव असतो, पण त्यासाठी ती वाचावी लागतात. मग सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि लेखकाचे दुसरे मरण सुरू होते. पहिल्या मरणावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि तो आपण करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

ही तक्रार मी एका परदेशी लेखकाच्या निमित्ताने मांडणार आहे. आपल्यातल्या एखाद्याचे नाव घेतले की निम्मे वाचक त्याच्या बाजूने आणि निम्मे विरुद्ध आधीच उभे राहतात आणि मुद्दा बाजूला पडतो. परक्या माणसाविषयी आपण जरा थंड डोक्याने विचार करू शकतो.

शेल्बी फूट हे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे कादंबरीकार आणि त्या देशाच्या यादवी युद्धाचे इतिहासकार. जन्म १७ नोव्हेंबर १९१६ चा, मृत्यू २७ जून २००५ चा. भाऊबंदकीचा इतिहास लिहिणाऱ्याचे आडनाव फूट असावे, ही गंमत फक्त मराठी कानालाच कळेल. त्यांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली, आणि त्यांचा सन्मान करावा की त्यांना फडताळात टाकावे, याविषयी त्यांच्या देशात अजून वाद चालू आहे. हा वाद मला फार मोलाचा वाटतो.

"दिवाळीच्या फराळाबरोबर हे सातासमुद्रापलीकडचे युद्ध कशाला?" असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ते युद्ध वाटते तितके लांबचे नाही. १८६१ साली उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखायला सुरुवात केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला. मग गिरण्यांची नजर वळली ती खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातेकडे. मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या बदल्यात पैशाचा पूर आला. शेअरांचा सट्टा शिगेला पोचला; १८६५ साली युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. त्या तेजीत ज्यांचे नाव गाजले त्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर मुंबईत आजही वेळ दाखवीत उभा आहे. दुसरा धागा याहून बळकट. १८७३ साली जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी खस्ता खाल्ल्या.

म्हणजे त्या युद्धातून महाराष्ट्रात दोन गोष्टी आल्या, पैसा आणि विचार. पैसा १८६५ साली बुडाला, विचार टिकला. ज्या युद्धाकडे फुल्यांनी गुलामाच्या डोळ्यांनी पाहिले, ते युद्ध पुढे कुणी कसे सांगितले, हे विचारण्याचा मराठी वाचकाला पुरेपूर अधिकार आहे.

आता या माणसाची थोडी ओळख करून घेऊ. मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा नावाच्या काळ्याभोर कापूसपट्टीत ग्रीनव्हिल हे त्यांचे गाव. वय पुरते सहा नसताना वडील गेले. एकुलत्या एका मुलाला आईने वाढवले. गावात विल्यम अलेक्झांडर पर्सी नावाचे वकील-कवी होते. त्यांचे घर पुस्तकांनी भरलेले होते आणि त्यांनी सांभाळलेला नातलगाचा मुलगा वॉकर पर्सी हा शेल्बीचा सवंगडी झाला. पुढे दोघेही कादंबरीकार झाले आणि वॉकर १९९० साली वारेपर्यंत ही मैत्री टिकली. फूट दोन वर्षे विद्यापीठात गेले आणि पदवीवाचून परतले. दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात कॅप्टन होते, पण लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. आयर्लंडात असताना प्रेयसीला भेटायला ठरलेल्या हद्दीबाहेर लष्करी गाडी नेली आणि कागदावर मैलांचा खोटा हिशेब लिहिला, म्हणून १९४४ साली त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून बडतर्फ करण्यात आले. युद्धावर लाखो शब्द लिहिणारा हा माणूस प्रत्यक्ष युद्ध न पाहताच घरी आला.

१९४९ ते १९५४ या काळात त्यांची कादंबरी-कथांची पाच पुस्तके निघाली. त्यांतली 'शायलो' ही १९५२ ची कादंबरी एप्रिल १८६२ मधल्या दोन दिवसांच्या लढाईवर आहे. त्या दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. फूट यांनी ती लढाई दोन्ही सैन्यांतल्या माणसांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली. ती वाचून बेनेट सर्फ या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने १९५४ साली त्यांना यादवी युद्धाचा एक आटोपशीर इतिहास लिहायला सांगितले. आटोपशीर! फूट लिहायला बसले ते वीस वर्षांनी उठले. पहिला खंड १९५८ साली, दुसरा १९६३ साली आणि तिसरा १९७४ साली निघाला. पाने तीन हजारांच्या घरात, शब्द सुमारे १५ लाख. आणि हे सारे लिहिले टाकाने! दौतीत टाक बुडवायचा, लिहायचे, टीपकागदाने टिपायचे. दिवसाकाठी पाच-सहाशे शब्द झाले की उठायचे. उठल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे, हे ज्याला वीस वर्षे जमले, त्याला मी आधी नमस्कार करतो आणि मग भांडायला उभा राहतो.

नमस्कार नुसत्या चिकाटीला नाही. फूट यांनी पहिल्या खंडाच्या शेवटी आपली प्रतिज्ञा सांगितली आहे. तिचा आशय असा, की कादंबरीकार आणि इतिहासकार हे दोघेही एकाच सत्याच्या शोधात असतात. मी कादंबरीकाराची सांगण्याची रीत घेतली आहे, पण त्याची मोकळीक घेतलेली नाही. इतिहासकाराचे नियम पाळले आहेत, फक्त त्याचा सरंजाम मांडलेला नाही. म्हणजे कोणाच्या तोंडी पदरचे वाक्य घालायचे नाही. पाऊस पडला असे कुठे नोंदलेले नसेल तर आपल्या सोयीसाठी पाऊस पाडायचा नाही. युद्धाची सरकारी कागदपत्रे १२८ जाड ग्रंथांत छापलेली आहेत. ती त्यांनी उपसली. ज्या ऋतूत लढाई झाली त्याच ऋतूत त्या मैदानावर जाऊन ते पायी हिंडत, म्हणजे झाडी किती दाट होती आणि ऊन कुठून येत होते हे कळावे. मैलांचा खोटा हिशेब लिहिल्याबद्दल ज्याला सैन्याने हाकलले, त्याने पुढे मैलाचा एकही हिशेब खोटा लिहायचा नाही असे व्रत घेतले. प्रायश्चित्त याहून सुंदर काय असणार?

प्राध्यापकांनी मात्र नाके मुरडली. तळटीपा कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. आक्षेप पोकळ नाही. तळटीप नसली की एखादे विधान कुठून आले हे तपासायला वाचकाला वाट राहत नाही, आणि तपासणीला वाव नसलेला इतिहास शेवटी विश्वासावरच घ्यावा लागतो. फूट यांनी तळटीपा दिल्या असत्या तर पुस्तकाची गोडी कमी झाली नसती. पण एवढ्यावरून तो इतिहासच नव्हे असे जे म्हणतात, त्यांना मी विचारतो : तुमचे तळटिपांनी गजबजलेले ग्रंथ कोण वाचतो? आपल्याकडे राजवाड्यांनी पानिपतच्या काळातली पत्रे १८९८ साली पहिल्या खंडात छापली. तो डोंगर उपसल्यावाचून पुढचे कोणतेच काम झाले नसते. पण घराघरांत पानिपत पोचले ते बखरीतून, पोवाड्यांतून आणि कादंबऱ्यांतून. माणसाला गोष्ट लागते. जो अभ्यासक गोष्ट सांगायला लाजतो, तो आपली जागा खोटे सांगणाऱ्याला रिकामी करून देतो.

पण थांबा. या वाक्याने आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी लगेच फेटे उडवू नयेत. फूट यांचे उदाहरण त्यांच्या सोयीचे नाही. आमच्याकडे एक चमत्कारिक व्यवस्था आहे. लेखक अडचणीत सापडला की म्हणतो, "ही कादंबरी आहे", सत्कार घेताना म्हणतो, "हा इतिहास आहे." 'ऐतिहासिक' म्हटले की अभ्यासाचा मान मिळतो आणि 'कादंबरी' म्हटले की पुराव्याची जबाबदारी टळते. परिणाम असा, की कोणा लेखकाने आपल्या टेबलावर रचलेला संवाद चार वर्षांनी सभेत थोर पुरुषाचे उद्गार म्हणून ऐकू येतो, आणि त्यावर शंका घेणाऱ्याचे डोके फुटायची वेळ येते. फूट कादंबरी लिहीत तेव्हा ती कादंबरी म्हणून लिहीत. इतिहास लिहायला बसले तेव्हा त्यांनी कल्पनेला बाहेर बसवले. दोन्ही देव एकाच देव्हाऱ्यात ठेवले, पण नैवेद्य वेगवेगळा दाखवला. कादंबरीकाराने इतिहास अवश्य लिहावा, असे माझे मत आहे; पण या अटीवर.

इथवर नमस्कार झाला. आता भांडण.

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर केन बर्न्स यांची यादवी युद्धावरची नऊ भागांची मालिका लागली. सुमारे चार कोटी लोकांनी ती पाहिली. तीत हे त्र्याहत्तर वर्षांचे आजोबा पुन्हा पुन्हा दिसले. पांढरी दाढी, दक्षिणेचा मधाळ हेल, आणि गोष्ट अशी सांगायचे की जणू काल संध्याकाळीच लिंकन भेटून गेला. अख्खा देश त्यांच्या प्रेमात पडला. वीस-तीस वर्षे फडताळात पडून राहिलेले खंड धडाधड खपू लागले. त्याच मालिकेत ते म्हणाले, त्याचा मथितार्थ असा, की तडजोड करणे हा आम्हा अमेरिकनांचा खास गुण. तो ऐन वेळी कामी आला नाही म्हणून युद्ध पेटले.

वाक्य कानाला किती गोड! पण गोड वाक्याला विचारावे की बाबा रे, तडजोड कोणाकोणात? आणि कोणाच्या जिवावर? १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. फूट यांच्या स्वतःच्या मिसिसिपी राज्याची लोकसंख्या ७,९१,३०५ आणि त्यांत गुलाम ४,३६,६३१. म्हणजे शंभरांत पंचावन्न माणसे दुसऱ्याची मालमत्ता होती. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपीने संघराज्यातून फुटताना जे जाहीर निवेदन काढले, त्यात गुलामगिरीचे रक्षण हेच कारण उघड सांगितलेले आहे. लपवाछपवी त्यांनी केली नाही. ती नंतरच्यांनी केली. या पंचावन्नांना विचारून तडजोड व्हायची नव्हती. मालकामालकांनी आपसांत समजुतीने घ्यायचे आणि गुलामाने गुलाम राहायचे, याचे नाव तडजोड. ती फसली हे वाईट झाले असे ज्याला वाटते, त्याला ते युद्ध म्हणजे दोन शूर भावांची दुर्दैवी भाऊबंदकी दिसते. तिसरा भाऊ साखळदंडात होता, हे त्याच्या नजरेतून निसटते.

फूट यांच्या त्या प्रचंड ग्रंथाची सुरुवात पाहा. मिसिसिपीचे सिनेटर जेफरसन डेव्हिस, पुढे बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले ते, जानेवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनच्या सभागृहाचा निरोप घेतात, तिथून गोष्ट सुरू होते. प्रसंग हृद्य आहे. पण या डेव्हिसांची ब्रायरफील्ड नावाची कापसाची वाडी होती आणि तिच्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत होते. शेजारची वाडी त्यांच्या थोरल्या भावाची, जोसेफची. जोसेफचा बेंजामिन माँटगोमेरी नावाचा एक गुलाम लिहायला-वाचायला शिकला, यंत्रे दुरुस्त करू लागला, दुकान चालवू लागला. युद्ध संपले. १८६६ साली त्याच जोसेफने या दोन्ही वाड्या तीन लाख डॉलरला उधारीवर विकल्या, आणि विकत घेणारा होता हा माँटगोमेरी! बंडखोरांच्या अध्यक्षाच्या जमिनीवर कालचा गुलाम मालक म्हणून उभा राहिला. पुढे कर्ज फिटेना, १८८१ साली ब्रायरफील्ड पुन्हा डेव्हिसांकडे गेले. माँटगोमेरीचा मुलगा आयझाया मात्र खचला नाही. १८८७ साली त्याने डेल्टात माउंड बायू नावाचे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे गाव वसवले. ते फूट यांच्या ग्रीनव्हिलच्या पंचक्रोशीतच म्हणायचे. कोणत्याही कादंबरीकाराचे हात शिवशिवावेत अशी ही हकीगत आहे, आणि तिच्यात पदरचे एक अक्षर घालायची गरज नाही. तरी या महाग्रंथाच्या केंद्रस्थानी डेव्हिस आहेत, लिंकन आहेत, सेनापती आहेत. माँटगोमेरीसारख्यांची जात तिथे नाही.

आणि तिथे कोण आहे? नेथन बेडफर्ड फॉरेस्ट आहे. या युद्धाने दोनच अस्सल प्रतिभावंत दिले, एक लिंकन आणि दुसरा फॉरेस्ट, असे फूट त्या मालिकेत म्हणाले. घोडदळाचा सेनापती म्हणून फॉरेस्ट विलक्षण होता हे शत्रूही मान्य करीत. पण तो युद्धापूर्वी मेंफिसमध्ये माणसांची खरेदी-विक्री करून गबर झालेला व्यापारी होता. १२ एप्रिल १८६४ रोजी फोर्ट पिलो येथे त्याच्या फौजेने शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली. युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी टोळीचा म्होरक्या झाला. त्याच्या घोडदौडीवर फूट यांची लेखणी उधळते. कत्तलीपाशी आली की ती सेनापतीची बाजू सावरू लागते. लेखणीचा तोल कुठे जातो हे पाहायचे असेल तर ती कुठे धावते आणि कुठे अडखळते ते पाहावे.

यावर भक्तमंडळींची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर : "काळच तसा होता, १९५० च्या सुमाराला गुलामांची बाजू कोणाला ठाऊक होती?" ठाऊक होती. फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाचे आत्मचरित्र १८४५ पासून छापलेले होते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ सालीच दाखवून दिले होते, की लाखो गुलामांनी मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांची वाट धरली, हा एक प्रचंड संपच होता आणि त्याने युद्धाचे पारडे फिरवले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. १९३६ ते १९३८ या वर्षांत सरकारी लेखकांनी खेडोपाडी हिंडून दोन हजार तीनशेंहून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या, एकेकाळच्या गुलामांच्या, तोंडच्या हकीगती लिहून घेतल्या होत्या. कागद होते. ते सेनापतींच्या कागदांइतक्या आवडीने उघडले गेले नाहीत, एवढेच.

दुसरे उत्तर : "तो दक्षिणेचा माणूस, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा कशी करायची?" हे उत्तर फूट यांचा अपमान करणारे आहे. त्यांना दिसत नव्हते असे नाही. १९६३ च्या खंडाच्या शेवटी त्यांनी आपल्या मिसिसिपीच्या आणि शेजारच्या आर्कान्सा व अलाबामाच्या गव्हर्नरांचे उपरोधाने आभार मानले आहेत. का, तर माझ्या पूर्वजांच्या भूमिकेत जे सर्वांत हीन होते त्याचे या गव्हर्नरांनी आजच्या वागण्याने प्रात्यक्षिक दाखवले आणि माझा प्रांताभिमान कमी व्हायला मदत केली. कृष्णवर्णीय मुलांना शाळा-कॉलेजांत पाऊल टाकू न देण्यासाठी हे गव्हर्नर दंड थोपटून उभे होते, ते दिवस लक्षात घ्या. स्वतःच्या प्रांतात राहून स्वतःच्या राज्यकर्त्यांच्या कानाखाली असा आवाज काढायला छाती लागते. शिवाय कादंबरीकार फूट यांनी कृष्णवर्णीय वादकाची कथा लिहिली होती; १९७८ च्या शेवटच्या कादंबरीत तर मेंफिसमधल्या एका सुस्थित कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात शिरून त्यांच्या पळवल्या गेलेल्या मुलासाठी ते झुरले आहेत. म्हणजे ज्या दारातून कादंबरीकार सहज आत जात होता, त्या दाराशी इतिहासकार थबकला. बंडखोरांच्या ध्वजाची बाजू तर त्यांनी उतारवयातही सोडली नाही. माझे भांडण आहे ते या थबकण्याशी. ज्याला दिसत नाही त्याच्याशी कोण भांडतो?

तिसरे उत्तर सर्वांत भारतीय आहे : "माणूस गेला, आता कशाला उकरून काढायचे? मरणाबरोबर वैर संपते." वैर संपतेच, आणि ते मुळात होतेही कुठे? पण लेखकाचा देह गेला तरी वाक्ये जात नाहीत. ती आजही नव्या वाचकाच्या कानात शिरतात. जिवंत वाक्याला जाब विचारणे हे मृताची विटंबना ठरत नाही. उलट, ज्याच्या वाक्याशी कुणी भांडत नाही तोच खरा मेला.

याच्या विरुद्ध टोकाला दुसरी मंडळी आहेत. त्यांना वाटते, एवढे दोष दिसले ना, मग खंड उचला आणि रद्दीत घाला. मेंफिसमधला फॉरेस्टचा पुतळा डिसेंबर २०१७ मध्ये हटवला गेला. ते योग्यच झाले. चौथऱ्यावर बसवून गावाने ज्याला हार घालावा असे त्या माणसात काही नव्हते. पण ग्रंथ म्हणजे पुतळा नव्हे. पुतळ्याला एकच गोष्ट सांगता येते, की मला वंदन करा. ग्रंथ उघडता येतो, समासात प्रश्नचिन्ह काढता येते, पान उलटून पुढे जाता येते. फूट यांचे खंड रद्दीत गेले तर शायलोच्या चिखलात पडलेला उत्तरेचा पोरही जाईल आणि त्याच्याशेजारी पडलेला दक्षिणेचा पोरही. शत्रूच्या पोराला माणूस म्हणून पाहायला ज्याने शिकवले, त्याला फेकून देणे हा करंटेपणा आहे. ज्यांना त्याने पाहिले नाही त्यांचा चौथा खंड इतरांनी लिहायचा असतो, आणि अमेरिकेत तो अनेक हातांनी लिहिला जात आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. दिवाळीत आपली पोरे किल्ला करतात. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, दारात तोफ. पण पोरे एवढ्यावर थांबत नाहीत. पायथ्याशी ती अळीव पेरून शेत उगवतात, आरशाच्या तुकड्याचे तळे करतात, डोक्यावर हंडा घेतलेली बाई ठेवतात, बैलजोडी ठेवतात. किल्ला कुणाच्या धान्यावर आणि कुणाच्या पाण्यावर उभा असतो हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. मोठेपणी आपण इतिहास लिहितो तेव्हा पायथा पुसून टाकतो आणि नुसते बुरूज ठेवतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर फौजेबरोबर व्यापारी होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. पराभवानंतर त्यांतल्या किती बायकापोरांना गुलाम करून नेले, त्यांच्या नावाचा पोवाडा आपण गायला नाही. उलट 'बाजारबुणगे' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि पराभवाचे खापर त्यांच्याच डोक्यावर फोडून मोकळे होतो. मिसिसिपीच्या म्हाताऱ्याला नावे ठेवताना हा आरसा समोर असू द्यावा.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. लेखकाला त्याच्याच वजनमापांनी तोलावे. फूट यांनी सत्य हे माप स्वतः निवडले होते, आणि त्या मापाने त्यांचे काम बरेचसे खरे आणि बरेचसे अपुरे भरते. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येणे, याला मी सन्मान म्हणतो. यापुढे तुमच्या गावात एखाद्या कादंबरीकाराची किंवा इतिहासकाराची शोकसभा झाली तर अवश्य जा. जाताना त्याचे एक पुस्तक पिशवीत टाकून न्या. वक्त्यांचे पोकळीवरचे भाषण संपले की उभे राहा, त्यातले सर्वांत आवडलेले पान मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग सभेला शांतपणे विचारा, की या पुस्तकात कोण कोण यायला हवे होते आणि आलेले नाही. सभेत थोडी कुजबुज होईल, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतील. पाहू द्या.